शेंगवर्गीय पिकांचं पान आणि पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीन, हरभरा, तूर, भुईमूग, मूग, चवळी, घेवडा, वाटाणा, लसूणघास ही पिकं ओलिताखाली घेणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येतात: पाणी केव्हा आणि किती द्यायचं? पाणी जमिनीत मुरतं, पण त्याचा जमाखर्च पानात होतो. म्हणून या पानावरची जवळजवळ सगळी उत्तरं पानापासून सुरू होतात.

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी पान स्वतःसाठी किती ठेवतं?

फारच थोडं. मुळांनी उचललेल्या पाण्यापैकी ९७ ते ९९ टक्के पाणी वाफ होऊन पानांतून हवेत जातं. ही उधळपट्टी वाटते, पण झाडाला दुसरा मार्ग नाही. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पर्णरंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं) उघडी ठेवावी लागतात, आणि ज्या वाटेने हा वायू आत येतो त्याच वाटेने वाफ बाहेर पडते. शेंगवर्गातली आपली सगळी पिकं प्रकाशसंश्लेषणाच्या ज्या गटात मोडतात (गहू-भात ज्यात येतात तो, मका-ऊस ज्यात येतात तो नव्हे), त्या गटात कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे काही शे रेणू खर्ची पडतात.

त्या खर्चातून आणखी एक काम होतं, ते म्हणजे पान थंड राहतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. पिकाने दिवसाला ५ मिमी पाणी वापरलं, म्हणजे दर चौरस मीटरमागे ५ लिटर, तर तेवढ्या जागेवरून साधारण १२ मेगाज्यूल उष्णता निघून जाते. हजार वॅटची इस्त्री सुमारे साडेतीन तास चालू ठेवली तर एवढी उष्णता तयार होईल. पर्णरंध्रं मिटली की ही सगळी उष्णता पानातच अडकू लागते. ताणात असलेलं पान तळहाताला कोमट लागतं ते यामुळे.

जमिनीत पाणी कमी झालंय हे पानाला कळतं कसं?

प्रत्येक पर्णरंध्राच्या दोन्ही कडांना एकेक रक्षक पेशी असते. त्या पोटॅशियम आत ओढतात, पाठोपाठ पाणी येतं, पेशी फुगतात आणि मधली फट उघडते. पोटॅशियम बाहेर गेलं की पेशी सैल पडतात आणि फट मिटते. मिटण्याचा मुख्य निरोप ॲब्सिसिक आम्ल नावाच्या संप्रेरकाकडून येतो. जमीन सुकू लागली की मुळांत आणि पानांतही ते तयार होतं आणि रसाबरोबर रक्षक पेशींपर्यंत पोहोचतं.

रंध्रं हवेचंही ऐकतात. जमीन वाफशावर असली तरी हवा अतिशय कोरडी झाली की ती थोडी मिटतात. त्यामुळे पानाची वागणूक बघताना जमीन आणि हवा दोन्ही ध्यानात ठेवाव्या लागतात. एकीवरून निष्कर्ष काढला की पाणी चुकतं.

पान कोमेजलेलं दिसत नाही. म्हणजे पाणी पुरेसं आहे ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

पान वाढतं म्हणजे त्याच्या पेशी आतल्या पाण्याच्या दाबाने ताणल्या जातात. सायकलच्या ट्यूबमधली हवा थोडी कमी झाली तरी सायकल चालते, पण ट्यूब पूर्वीसारखी टणक राहत नाही. तसंच पेशीतला दाब थोडासा घटला की पान हिरवं, ताठ आणि टवटवीत दिसतं, प्रकाशसंश्लेषणही चालू असतं, फक्त नवीन पानाचं आकाराने वाढणं मंदावतं. जेम्स बॉयर या संशोधकाने १९७० साली मका, सोयाबीन आणि सूर्यफुलावर मोजमापं करून हे फार स्वच्छपणे दाखवलं. पानातलं जलविभव उणे ४ बारच्या आसपास उतरलं, तेव्हा पान वाढण्याचा वेग चौथ्या हिश्शावर किंवा त्याहून खाली आला होता. सोयाबीनचं प्रकाशसंश्लेषण मात्र उणे ११ बारपर्यंत टिकून होतं. (जलविभव म्हणजे पाणी किती ओढ लावून धरलेलं आहे याचं माप. आकडा शून्याच्या जितका खाली, तितकं पाणी ओढून घेणं अवघड. वाफशावर असलेल्या जमिनीत ते साधारण उणे ०.३ बार असतं, तर बहुतेक पिकं ज्या टप्प्यावर कायमची कोमेजतात तिथे उणे १५ बार धरतात.)

उणे ४ ते उणे ११ बारच्या मधल्या पट्ट्यात पीक डोळ्यांना निरोगी दिसतं आणि तरीही त्याचं नुकसान होत असतं. पंचवीस दिवसांच्या सोयाबीनमध्ये आठवडाभर असा छुपा ताण राहिला तर पुढची तीन-चार पानं लहान निघतात. ओळी मिटायला उशीर होतो. दोन ओळींमधल्या उघड्या जमिनीवर ऊन पडत राहतं, तिथून पाणी उडतं, तण माजतं. नंतर कितीही पाणी दिलं तरी वाढ संपवलेलं लहान पान मोठं होत नाही.

म्हणून पान कोमेजण्याची वाट पाहून पाणी देणं म्हणजे उशिरा पाणी देणं. वाढीच्या काळात खरी खूण शेंड्याजवळ मिळते. वरून दुसरं-तिसरं पान मागच्या आठवड्यातल्या त्याच जागच्या पानाइतकं मोठं होतंय का, आणि दोन पेऱ्यांमधलं अंतर आखूड होत चाललंय का, हे पाहा. कोमेजण्याच्या कितीतरी आधी हा फरक दिसतो, आणि तो पाहायला कसलंही उपकरण लागत नाही.

दुपारी पानं माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा ताजी होतात. लगेच पाणी द्यायचं का?

आधी दुसऱ्या दिवशी पहाटे शेतात जा, मग ठरवा.

हवेची वाफ ओढण्याची ताकद दिवसभरात प्रचंड बदलते. सकाळी २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर ती सुमारे ०.९ किलोपास्कल भरते. त्याच दिवशी दुपारी ३६ अंश आणि ३० टक्के झाली तर ती ४.२ किलोपास्कलच्या आसपास जाते, म्हणजे चौपटीहून जास्त. जमिनीत पाणी असलं तरी मुळं आणि वाहिन्या इतक्या वेगाने पुरवठा करू शकत नाहीत. पान तात्पुरतं मलूल होतं, रंध्रं थोडी मिटतात आणि ऊन उतरलं की सगळं सावरतं. ही दुपारची ओढाताण भर पाण्यातल्या पिकातही दिसते.

रात्री रंध्रं जवळजवळ बंद असतात, त्यामुळे झाड आणि जमीन यांच्यातली ओढ पहाटेपर्यंत समसमान होत येते. म्हणून पहाटेचं पान जमिनीची स्थिती सांगतं आणि दुपारचं पान बरंचसं हवेची. पहाटेही पान ढिलं असेल तर जमिनीतलं सहज मिळणारं पाणी संपलेलं आहे, आणि पाणी द्यायला आधीच उशीर झालेला आहे.

सोयाबीनची पानं दुपारी उलटी होऊन पांढरट दिसतात, भुईमुगाची मिटतात. रोग आहे का?

रोग नाही. शेंगवर्गाच्या पानांमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

या पिकांच्या पानाच्या आणि पर्णिकांच्या (एका पानाचे जे तीन-चार सुटे भाग दिसतात त्यांच्या) देठाशी एक छोटा फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि पाणी दुसऱ्या बाजूला गेलं की पर्णिका वळते. रात्री पानं मिटतात तीही याच सांध्यामुळे. पाणी भरपूर असताना सकाळच्या कोवळ्या उन्हात पर्णिका सूर्याला सामोऱ्या होतात. पाणी कमी पडलं आणि ऊन चढलं की त्या उन्हाच्या दिशेशी समांतर उभ्या राहतात, म्हणजे कड उन्हाकडे आणि अंग सावलीत. घेवडा आणि चवळीत हे छान दिसतं. सोयाबीनमध्ये मधली पर्णिका कधीकधी पूर्ण उलटते आणि खालची फिकी बाजू वर येऊन ऊन परतवते. भुईमुगाच्या चार पर्णिका जोडीजोडीने वर मिटतात.

पान त्यामुळे कमी तापतं, कमी पाणी घालवतं आणि जादा उजेडाने हरितद्रव्याची यंत्रणा बिघडण्यापासून वाचतं. कोमेजणं आणि ही हालचाल यांत फरक करायला शिका. कोमेजलेलं पान लोळतं, कड मऊ पडते, देठ झुकतो. वळलेलं पान ताठ असतं, कारण त्याच्या पेशी भरलेल्या असतात. शेतभर पर्णिका उलटलेल्या दिसू लागल्या तर तो पिकाचा पहिला निरोप समजावा. दुपारी बारा ते तीन एवढ्यापुरतं असेल तर काळजी नाही. सकाळी दहालाच सुरू होत असेल तर पाण्याची पाळी जवळ आली आहे.

पाण्याचा ताण पडल्यावर पानं फिकट होतात. युरिया द्यायचा का?

कोरड्या जमिनीवर युरिया टाकून काही साधत नाही. आधी फिकेपणा कुठून येतो ते समजून घ्या.

शेंगवर्गातलं पीक नत्राचा मोठा हिस्सा मुळांवरच्या गाठींतून मिळवतं. गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात आणि त्यासाठी लागणारी साखर पानाकडून येते. पाणी कमी झालं की गाठीचं काम, बऱ्याच पिकांत, प्रकाशसंश्लेषणाच्याही आधी मंदावतं. म्हणजे पान अजून साखर बनवत असतं, पण त्याच्याकडे येणारा नत्राचा पुरवठा आटू लागलेला असतो.

पिकापिकांतला फरक यात मोठा आहे. थॉमस सिंक्लेअर आणि रशीद सेराज यांनी १९९५ मध्ये मांडलं, की सोयाबीन आणि चवळीसारखी जी पिकं गाठीतलं नत्र यूराइड या नत्रयुक्त संयुगाच्या रूपात वर पाठवतात, त्यांचं नत्र स्थिरीकरण कोरडेपणाला फार लवकर बळी पडतं. हरभऱ्यासारखी पिकं ते दुसऱ्या रूपात पाठवतात आणि ती जास्त तग धरतात. ताणात यूराइडं सोयाबीनच्या पानात साचतात, आणि पानातली ही तुंबण गाठींना काम थांबवण्याचा निरोप देते असं बरेच अभ्यासक मानतात. यूराइडाचं पानात विघटन करणाऱ्या एका विकराला मँगेनीज लागतं, त्यामुळे मँगेनीजची कमतरता असलेल्या शेतात हा त्रास वाढू शकतो.

शेतात करायचं ते सोपं आहे. कुदळीने दोन-तीन झाडं मुळासकट उकरा (उपटू नका, गाठी तुटून जमिनीत राहतात) आणि गाठी कापून पाहा. आत गुलाबी-लालसर असेल तर गाठ जिवंत आहे, पाणी दिल्यावर ती पुन्हा कामाला लागेल. हिरवट, तपकिरी किंवा पोकळ झाली असेल तर ती गेली. बहुतेक गाठी गुलाबी असताना नत्रखत टाकणं मला चुकीचं वाटतं, कारण जमिनीत नत्र वाढलं की झाड गाठींना पोसणं कमी करतं.

शेतात पाणी साचलंय, तरी पानं कोमेजली आहेत. असं कसं?

मुळांना पाणी शोषायला श्वास घ्यावा लागतो. ऑक्सिजन हवेत जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. जमिनीच्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, त्यांच्या पेशी आम्लधर्मी होतात आणि पाणी आत घेणारे सूक्ष्म मार्ग बंद होतात. पाण्यात उभं असलेलं झाड असं तहानेलं राहतं. गाठींना तर जास्तच ऑक्सिजन लागतो, त्यामुळे काही दिवसांत खालची पानं पिवळी पडू लागतात. तूर या बाबतीत फार नाजूक आहे. धैंचा मात्र साचलेल्या पाण्यातही आपलं मूळ पोकळ ऊतींनी भरून हवा खाली नेतो.

यातलाच एक प्रकार वेगळा ओळखावा लागतो. चुनखडीच्या जमिनीत गरजेपेक्षा जास्त पाणी दिलं की बायकार्बोनेट वाढतं आणि झाडाला लोह मिळेनासं होतं. मग शेंड्याची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. भुईमूग, सोयाबीन आणि हरभऱ्यात हे नेहमी दिसतं. नत्राची कमतरता जुन्या, खालच्या पानांवर आधी दिसते आणि लोहाची नव्या, वरच्या पानांवर. एवढा फरक ओळखला तरी चुकीचं खत टाकणं टळतं. लोहाच्या पिवळेपणात पहिला उपाय म्हणजे पाणी थांबवून जमीन वाफशावर येऊ देणं.

सरीने पाणी देता तेव्हा सरीच्या दोन्ही टोकांची पानं शेजारी शेजारी ठेवून पाहा. मी हे अनेकदा केलं आहे. तोंडाशी पिवळी पानं आणि शेवटाला लहान, गडद पानं मिळतात. एकाच शेतात, एकाच पाळीत, दोन उलट चुका झालेल्या असतात. उपाय सरीची लांबी आणि उतार यांत आहे, खतात नाही.

किती दिवसांनी पाणी द्यावं?

दिवसांचा ठराविक आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हिशेब मात्र करता येतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सोयाबीन, भुईमूग, हरभरा आणि मसूर यांनी मुळांच्या थरातलं उपलब्ध पाणी निम्मं (०.५०) वापरलं की ताण सुरू होतो. मूग, चवळी आणि घेवड्यासाठी हा वाटा ०.४५, हिरव्या वाटाण्यासाठी ०.३५ आणि लसूणघासासाठी ०.५५ आहे. हे आकडे पीक दिवसाला ५ मिमी पाणी वापरतं असं धरून आहेत. वापर त्याहून जास्त असेल तर दर मिलिमीटरला ०.०४ वजा करायचे, कमी असेल तर तेवढेच मिळवायचे.

उदाहरण घेऊ. जमिनीत मीटरभर खोलीत पिकाला मिळण्याजोगं १५० मिमी पाणी मावतं आणि सोयाबीनची मुळं ६० सेंमीपर्यंत काम करतात, म्हणजे साठा ९० मिमी. दिवसाला ५ मिमी वापर असेल तर ४५ मिमी, म्हणजे ९ दिवस. हवा तापून वापर ७.५ मिमी झाला तर वाटा ०.४० वर येतो, म्हणजे ३६ मिमी, जेमतेम ५ दिवस. थंडीत वापर ३ मिमीवर उतरला तर वाटा ०.५८ होतो, म्हणजे ५२ मिमी, आणि पाणी १७ दिवस पुरतं. जमीन तीच, पीक तेच आणि अंतर पाच दिवसांपासून सतरा दिवसांपर्यंत. उथळ जमिनीत हे आकडे आणखी खाली येतील. हा हिशेब करा आणि शेंड्याच्या पानाशी ताडून पाहा.

ताण कोणत्या अवस्थेत सर्वांत महाग पडतो?

फुलोरा ते दाणे भरणे. सुरुवातीचा हलका ताण पानाचा आकार कमी करतो, पण पुढे फांद्या आणि नवी पानं येऊन त्यातलं बरंचसं भरून निघू शकतं. हरभऱ्यासारख्या पिकात सुरुवातीला थोडं हात राखून पाणी दिलं तर ते नुसतं पाल्यात वाढत नाही. असं मोजून मापून पाणी कमी देण्याला माझा विरोध नाही.

दाणे भरताना मात्र नवं पान येण्याची वेळ बहुतेक संपलेली असते. एक टन सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ६० किलो नत्र जातं, आणि त्यातलं खूपसं पानांतून उपसलं जातं. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास प्रथिन कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या एकाच विकराचं असतं. दाणा मागेल तसं पान हा विकर मोडून नत्र पाठवतं आणि स्वतः म्हातारं होतं. ही उतरण तशीही होणारच असते. त्यात पाण्याचा ताण आला की गाठी थांबतात, दाण्याची सगळी मागणी पानावर पडते आणि पान लवकर गळतं. दाणे बारीक राहतात ते यामुळे. शेतावर एकच जादा पाळी हाती असेल तर मी ती इथे खर्चीन.

सगळ्या शेंगवर्गीय पिकांना एकच नियम लावता येईल का?

नाही, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. चवळी सावध आहे. जमीन थोडी सुकली की ती रंध्रं मिटते, त्यामुळे तिच्या पानातलं पाणी टिकतं, पण अन्न तयार होणं थांबतं. तिचं पान टवटवीत दिसतं म्हणून फसू नका. तूर पेशीत विरघळणारे पदार्थ साठवते, जास्त कोरड्या जमिनीतूनही पाणी ओढते आणि तिची मुळं खोल जातात. हरभऱ्यातही पेशीत असे पदार्थ साठवण्याची क्षमता चांगली आहे. भुईमुगाच्या पानात खालच्या बाजूला पाणी साठवणाऱ्या मोठ्या पेशींचा थर असतो.

सोयाबीन यांच्या मधे कुठेतरी आहे, पण त्याच्या वाणावाणांत फरक आहे. मूळचा जपानचा, पीआय ४१६९३७ या क्रमांकाने ओळखला जाणारा वाण उशिरा कोमेजतो म्हणून प्रसिद्ध आहे. हवेची ओढ २ किलोपास्कलच्या वर गेली की तो पाणी सोडण्याचा वेग वाढू देत नाही. दुपारी वाचवलेलं पाणी त्याला दाणे भरताना उपयोगी पडतं. भरपूर ओलीत असलेल्या शेतात मात्र हाच गुण तोट्याचा ठरू शकतो, कारण दुपारी रंध्रं आवळली की अन्न बनणंही कमी होतं. वाण निवडताना आपल्याकडे पाणी खात्रीचं आहे की तुटपुंजं, याचं खरं उत्तर आधी स्वतःला द्यावं.

ताण पडून गेला. आता भरपूर पाणी दिलं तर नुकसान भरून येईल?

काही येईल, काही नाही. पानाचा ताठरपणा काही तासांत, फार तर एका रात्रीत परत येतो. लोक इथेच निश्चिंत होतात. रंध्रं पूर्ण उघडायला एक-दोन दिवस लागतात, कारण ॲब्सिसिक आम्लाचा परिणाम लगेच ओसरत नाही. ताण तीव्र असेल तर प्रकाशसंश्लेषण पूर्ववत व्हायला आठवडा लागू शकतो. गाठी त्याहून मागे राहतात. गळलेली पानं आणि लहान राहिलेली पानं परत मिळत नाहीत.

एकदम भरपूर पाणी देण्याची घाई करू नका. भेगाळलेल्या भारी जमिनीत ते भेगांतून खाली जातं आणि दोन दिवसांनी मुळं गुदमरू लागतात. हलकी पाळी द्या आणि चार-पाच दिवसांनी दुसरी.

तुषार सिंचनाने पान ओलं राहतं. चालेल का?

पाणी गोडं असेल आणि पान लवकर सुकत असेल तर चालेल. सोयाबीनवरच्या तांबेऱ्याच्या बुरशीला पान साधारण सहा तास सलग ओलं मिळालं की ती आत शिरू शकते. संध्याकाळी तुषार चालवले तर दवाची भर पडून पान रात्रभर ओलं राहतं. पहाटे चालवले तर दवाचा आणि तुषारांचा ओलावा एकत्र येतो आणि ऊन आलं की पान सुकतं. ठिबकमध्ये हा प्रश्नच नाही.

विहिरीचं पाणी खारं आहे. पानावर काय दिसेल?

आधी पानाची टोकं आणि कडा करपतात, तेही जुन्या पानांवर, कारण क्षार तिथे जास्त दिवस साठलेले असतात. शिवाय मीठ जमिनीतलं पाणी धरून ठेवतं, म्हणजे ओल दिसत असूनही पानाला ताण बसतो.

मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही वापरल्या जातात. जमिनीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता पुढे दिलेल्या आकड्याइतकी, डेसिसायमन प्रति मीटर या एककात, झाली की उत्पादन घटू लागतं: घेवडा-राजमा १.०, बाकला १.६, लसूणघास २.०, भुईमूग ३.२, चवळी ४.९ (हा आकडा नंतर सुधारलेला), सोयाबीन ५.०. भुईमुगाचा आकडा बरा वाटतो, पण मर्यादा ओलांडली की त्याचं उत्पादन पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे २९ टक्क्यांनी कोसळतं. खारं पाणी भर उन्हात तुषाराने कधीच देऊ नका. थेंब सुकतो आणि मीठ पानावरच राहतं.

पानाची तहान मोजायची उपकरणं घ्यावीत का?

संशोधनात दाबकोष वापरतात. पान देठाशी कापून बंद भांड्यात ठेवायचं आणि हवेचा दाब वाढवत न्यायचा. कापलेल्या टोकाशी रस दिसला तो दाब म्हणजे पानातली ओढ. शोलँडर आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ही पद्धत गाजवली. शेतावर ती जिकिरीची आहे.

अवरक्त तापमापी (पानाला न लावता दुरून तापमान मोजणारी) जास्त उपयोगाची. ताणातलं पान हवेपेक्षा गरम होतं, पाणी असलेलं कोरड्या हवेत काही अंशांनी थंड राहतं. इड्सो, जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये याच फरकावर, हवेचा कोरडेपणा लक्षात घेऊन, ताण मोजण्याची पद्धत बसवली, आणि त्यांच्या मोजमापांत लसूणघास आणि सोयाबीनही होतं. मोजताना आकाश निरभ्र हवं, वेळ दुपारी एक-दोनची हवी आणि रोख पानांवरच हवा. मधे उघडी जमीन आली की आकडा भलताच येतो. शेतातल्या एका कोपऱ्यात चार ओळींना नेहमी भरपूर पाणी देऊन ठेवलंत तर तुलनेला हाताशी एक माप राहतं. मला ही युक्ती कोणत्याही महागड्या यंत्राहून भरवशाची वाटते.

पानांवर नुसतं पाणी फवारलं तर ताण कमी होतो का?

पंधरा-वीस मिनिटं पान थंड होतं. पानाच्या मेणचट थरातून आत जाणारं पाणी इतकं थोडं असतं की त्याने झाडाची तहान भागत नाही. तेच पाणी मुळाशी द्या.